सरासरीच्या पोटातील आकडे

मोसमी पाऊस मुंबईस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख वेधशाळेने ११ जून ही ठरविलेली आहे. आणि मुंबईपासून कर्जत-खालापूर फारसे दूर नसल्यामुळे आपणही तीच तारीख मनात धरून राब भाजतो, बियाणे काढून ठेवतो व धूळवाफेचा विचार करतो. आता जवळचीच दोन वर्षे पाहा. २०२३ साली हा पाऊस मुंबईस २५ जून रोजी आला. २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन धडकला. या दोन तारखांची सरासरी काढली असता १० जून येते. म्हणजे सरासरी जवळजवळ बिनचूक ठरली; परंतु तिच्यावर विसंबलेला शेतकरी एका वर्षी पंधरवडाभर आभाळाकडे पाहत बसला आणि दुसऱ्या वर्षी त्याचा राब भाजण्यापूर्वीच भिजला. सरासरी खोटी नव्हती, अपुरी होती.

या लेखाचा विषय तो अपुरा राहिलेला भाग होय. पावसाची तारीख असो, लोंबीतील दाणे असोत की हेक्टरी उत्पन्न असो, मोजता येणारी कोणतीही गोष्ट एका आकड्यावर उभी नसते. ती लहानमोठ्या अनेक आकड्यांत वाटली गेलेली असते. कोणता आकडा किती वेळा येतो याचा जो एक आकार तयार होतो, त्यास संख्याशास्त्रात संभाव्यता-वितरण असे नाव आहे. शब्द जड असल्यामुळे मी येथे 'वाटणी' हा साधा शब्द वापरणार आहे. भाऊबंदांच्या वाटणीशी त्याची गल्लत वाचकांनी करू नये. जरी तेथेही सरासरीने कोणाचे समाधान होत नाही, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

मी स्वतः गणिती नव्हे. शिक्षण गावच्या मराठी शाळेतले, आणि पुढचे सर्व आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. पर्जन्याचे तक्ते, पीकपाणी, पैसेवारी, पीक कापणी प्रयोग यांचे हजारो आकडे माझ्या हातून गेले; पण बेरजेस संख्येने भागून सरासरी लिहिली की माझे काम संपत असे. सेवानिवृत्तीनंतर घरी बसून जुन्या सवयीने अशीच एक सरासरी काढीत असता, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणारी माझी धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, सरासरी काढून झाल्यावर बाकीचे आकडे तुम्ही टाकूनच देत होतात का?" प्रश्न तिने सहज केला, पण मला तो लागला. मग जे थोडेबहुत शिकलो ते तिच्याचकडून, आणि बापाने मुलीपाशी पाटी घेऊन बसण्यात कमीपणा आहे असे मला वाटले नाही.

पहिला धडा तिने खळ्यावर दिला. शेतात निरनिराळ्या ठिकाणी फिरून शंभर लोंब्या तोडावयाच्या, प्रत्येकीतील भरीव दाणे मोजावयाचे, आणि एका कागदावर दहा-दहा दाण्यांचे रकाने पाडून प्रत्येक लोंबीची एक उभी रेघ त्या त्या रकान्यात ओढावयाची. शंभर रेघा ओढून झाल्यावर कागद आडवा धरला तेव्हा मला ओळखीचीच आकृती दिसली. मध्ये उंच आणि दोन्ही अंगांनी उतरती, जशी खळ्यावर पाखडून टाकलेल्या भाताची रास. संख्याशास्त्रज्ञ तिला घंटेची उपमा देतात व प्रसामान्य वितरण म्हणतात. मला मात्र राशीचीच उपमा अधिक चांगली वाटते. ही रास का बनते याचे कारणही शेतकऱ्यास पटण्याजोगे आहे. एका लोंबीवर अनेक लहान कारणांचा परिणाम होत असतो: थोडे खत अधिक, थोडी सावली, पाणी बोटभर खोल, शेजारचे चूड दाट. सर्वच कारणे एकाच बाजूने ओढीत आहेत असे क्वचित घडते. बहुधा ती एकमेकांस फेडून टाकतात. म्हणून मध्ये गर्दी आणि टोकाला विरळता.

एकाच शेतात तरी असा फरक कितीसा असणार, असे कोणी म्हणेल. त्यास इंग्लंडातील रोथॅमस्टेड या जुन्या शेतकी संशोधन केंद्रातला एक प्रयोग सांगतो. मर्सर व हॉल या दोघांनी गव्हाचे एक एकर उभे पीक घेतले. बी एक, खत एक, मशागत एक, डोळ्यास सर्व शेत सारखे. कापणीच्या वेळी त्या एका एकराचे त्यांनी सारखे ५०० तुकडे पाडले व प्रत्येक तुकड्याचे धान्य निरनिराळे तोलले. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे तुकड्याची सरासरी ३.९५ पौंड होती. पण सर्वांत हलका तुकडा २.७३ पौंडांचा आणि सर्वांत भारी ५.१६ पौंडांचा. म्हणजे एकाच एकरात, एकाच बियाण्याखाली, एक तुकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट! कर्जतच्या भात संशोधन केंद्रावर शिवारफेरीस गेलेले आपल्यातील काही जण विचारतात की, कर्जत-३ किंवा कर्जत-७ यांसारखा एकच वाण हे लोक तीन-तीन, चार-चार ठिकाणी पुन्हा का लावतात, जागा फुकट घालविणे नव्हे काय? त्याचे उत्तर या ५०० तुकड्यांत आहे. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या वाणाने दोन मण अधिक दिले, तर तो वाणाचा गुण की त्या तुकड्याचा, हे एका तुकड्यावरून कोणासही सांगता येणार नाही.

राशीची उंची व पसरटपणा सांगण्यास एक माप लागते. त्यास प्रमाण विचलन म्हणतात. ते काढणे व्याजाच्या हिशेबाहून कठीण नाही. समजा, पाच वाफ्यांचे उत्पन्न १८, २०, २१, २२ व २४ किलो आले. सरासरी २१. प्रत्येकाचा सरासरीशी फरक ३, १, ०, १, ३. या फरकांचे वर्ग ९, १, ०, १, ९, व बेरीज २०. तिला वाफ्यांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे ४ ने, भागले की ५; त्याचे वर्गमूळ सुमारे २.२४. झाले प्रमाण विचलन. रास जर खरोखर राशीच्या आकाराची असेल, तर सरासरीच्या दोन्ही बाजूंस एक-एक विचलन इतक्या टापूत सुमारे दोन-तृतीयांश आकडे पडतात, आणि दोन-दोन विचलनांच्या टापूत शंभरांपैकी सुमारे ९५. रोथॅमस्टेडच्या गव्हात हे विचलन सुमारे ०.४६ पौंड होते; यावरून वाचकांनी स्वतःच पडताळा घ्यावा.

परंतु प्रत्येक गोष्टीची वाटणी राशीसारखीच असते असे मानणे ही मोठी चूक, आणि ती शिकलेले लोकच अधिक करतात. आकडे कसे जन्मास येतात हे पाहून आकार ओळखावयाचा असतो. बियाण्याची उगवण घ्या. येथे तोलणे नाही. बी उगवले किंवा नाही उगवले, एवढे दोनच निकाल. प्रमाणित भाताच्या बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी असा नियम आहे. आपण गोणपाटात शंभर दाणे भिजवून ठेवले आणि ७६ उगवले. दुकानदाराने फसविले काय? अशा दोन-निकाली गोष्टींच्या वाटणीस द्विपद वितरण म्हणतात, आणि तिचे विचलन काढण्याची रीत सोपी आहे: दाण्यांची संख्या, उगवण्याची संभाव्यता व न उगवण्याची संभाव्यता यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावे. १०० गुणिले ०.८ गुणिले ०.२ म्हणजे १६; वर्गमूळ ४. म्हणून चांगल्या बियाण्यातही शंभरांत ७२ पासून ८८ पर्यंत काहीही येऊ शकते. ७६ वर भांडण करणे अन्यायाचे होईल. मात्र ६५ च उगवले, तर चांगल्या बियाण्यात असे हजारात एकदाही सहसा घडत नाही. तेव्हा पिशवीवरील खूणचिठ्ठी व पावती घेऊन अवश्य तक्रार करावी. मीही एकदा ७५ उगवलेल्या बियाण्यावरून एका दुकानदारास चारचौघांत बोललो होतो. आता त्याची आठवण झाली की वाईट वाटते. चारशे दाणे भिजविले तर संशयाचा टापू निम्मा होतो. परीक्षण-शाळेत चारशे दाणे घेण्याची वहिवाट आहे ती याचसाठी.

क्वचित घडणाऱ्या गोष्टींच्या मोजणीची आणखी एक वाटणी आहे. पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तिचे फार सांगत नाही. गावात वर्षास सरासरी दोन गुरे सर्पदंशाने दगावत असतील, तर या वाटणीप्रमाणे सातआठ वर्षांत एखादे वर्ष निरंक जाईल आणि वीस वर्षांत एखाद्या वर्षी पाच किंवा त्याहून अधिक गुरे जातील. त्या वर्षी गावास कोणाची नजर लागली असे समजण्याचे कारण नाही.

आता पाऊस. आपल्या भागात त्याची वाटणी फारच एकांगी आहे. बहुतेक दिवस बेताचे, पुष्कळ दिवस निरंक, आणि थोडे दिवस असे की, सर्व महिन्याची बेरीज त्यांनीच फुगवावी. अशा ठिकाणी सरासरी ही मधल्या दिवसाहून मोठी असते. दहा माणसांच्या पंगतीत एक सावकार येऊन बसला तर पंगतीची सरासरी मिळकत वाढते, पण कोणाच्याही पानात त्यामुळे अधिक पडत नाही, तसेच हे. जागेचाही फरक विलक्षण. माथेरानच्या डोंगरावर वर्षास पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि पायथ्याच्या नेरळास त्याहून पुष्कळ कमी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी वीसपंचवीस किलोमीटरांवरील कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर. या दोहोंची सरासरी काढून कागदावर लिहिणारा कारकून बिनचूक भागाकार करील खरा, पण मुंबईत त्या दिवशी काय झाले ते त्याच्या कागदावरून कोणास कळणार नाही.

या एकांगी वाटणीचे लांब शेपूट हाच आपल्या दोन तालुक्यांतील जीविताचा प्रश्न आहे. कर्जतेवरून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या पुरात २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूर यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली व वाडीतील माणसे मातीखाली गेली. सरासरी जुलै महिन्यात अशी रात्र कोठेच दिसत नाही. ती वाटणीच्या शेपटाकडे असते. शेपटाचे गणित निराळे असून त्यात 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असा शब्दप्रयोग करतात. त्याचा अर्थ पुष्कळांस चुकीचा समजला आहे. पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निश्चिंती, असा तो अर्थ नाही. प्रत्येक वर्षी त्याची संभाव्यता शंभरात एक, एवढाच अर्थ. मागील वर्षी काय झाले याची नदीला आठवण नसते. नदीकाठी घर बांधून तीस वर्षे राहणाऱ्याच्या वाट्यास तो पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता शंभरात २६ पडते, म्हणजे चारांत एकाहून किंचित अधिक. घराचा पाया घालताना हा आकडा मुहूर्ताइतकाच विचारात घेण्याजोगा आहे. शिवाय हवामान बदलत चालले असल्यामुळे जुन्या तक्त्यांवरून काढलेला 'शंभरात एक' आज तितकाच राहिला असेल असेही धरून चालता येत नाही.

पावसाच्या बाबतीत गणिताची मोठी सूत्रे आपणास लागत नाहीत. एक वही पुरे. आपले वाडवडील पाऊस नक्षत्रांनी मोजीत, आणि तरणा पाऊस, म्हातारा पाऊस या नावांतच वाटणीचे ज्ञान आहे. प्रत्येक नक्षत्राचे तेराचौदा दिवस. मंडळांत आता स्वयंचलित पर्जन्यमापके बसली आहेत, त्यांचे आकडे मिळतात. तालुक्याचे जुने तक्तेही मिळू शकतात. समजा, हस्त नक्षत्राच्या पावसाचे १९ वर्षांचे आकडे आपणापाशी आहेत. ते सालवार न लिहिता लहानाकडून मोठ्याकडे ओळीने लिहावेत. वर्षांच्या संख्येत एक मिळविला की २०. ओळीतील चौथा आकडा म्हणजे विसांत चार, अर्थात पाच वर्षांतून एका वर्षी पाऊस याहून कमी पडतो असे समजावे. मधला, म्हणजे दहावा आकडा, हा मध्यांक. त्याच्या खाली निम्मी वर्षे, वर निम्मी. हळवे लावावे की गरवे, या प्रश्नास असा तक्ता सरासरीहून अधिक उपयोगी पडतो. माळाच्या खाचरात गरवे लावणाऱ्यास हस्ताचा कमीत कमी पाऊस किती याची काळजी. हळवे कर्जत-१८४ लवकर कापून खळ्यावर आणणाऱ्यास तोच पाऊस अधिकात अधिक किती याची काळजी. एकाचा प्रश्न ओळीच्या या टोकाला, दुसऱ्याचा त्या टोकाला, आणि सरासरी दोघांच्याही कामाची नाही. राजनाल्याच्या पाण्याखाली ज्यांचे उन्हाळी भात होते त्यांस ही चिंता थोडी कमी, पण सर्वांच्याच शेतास नाला लागलेला नाही.

येथवर जे सांगितले ते आपल्या वहीपुरते. परंतु आपल्या पिकाचा एक आकडा असा आहे, जो आपण काढीत नाही, तथापि ज्यावर आपणास पैसे मिळणे न मिळणे अवलंबून असते. तो म्हणजे मंडळाचे सरासरी उत्पन्न. मी हे सर्व शिकलो त्याचा खरा उपयोग मला तेथे दिसला, आणि खरी लाजही तेथेच वाटली.

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने करीत. आणेवारी व पुढे पैसेवारी ही नजरेचीच संतती. गावाची पैसेवारी ५० पैशांखाली गेली की टंचाईच्या सवलतींचा प्रश्न निघे. नजरेने लिहिलेल्या आकड्यांची एक खूण आहे: ते शून्यावर व पाचावर गोळा होतात. ४३ किंवा ५७ असे आकडे त्यांत विरळा, ४५ व ६० यांची दाटी. तराजूतून आलेल्या आकड्यांत अशी दाटी नसते. नुसत्या वाटणीवरून आकडा तोलला आहे की कल्पिला आहे ते पुष्कळदा ओळखू येते, हे मला नोकरीत असताना कळले असते तर बरे झाले असते.

नजर सोडून तराजू हाती घेण्याच्या कामात एका महसूल अधिकाऱ्याचा हात होता, याचे मला विशेष वाटते. जॉन हबॅक यांनी १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात भाताचे उत्पन्न नमुन्याने मोजले. ते एक लहान त्रिकोणी चौकट भातावर टाकीत. तिचे क्षेत्र एकराचा ३,२०० वा भाग. हे प्रमाण घेण्यात मोठी सोय होती. ऐंशी तोळ्यांचा शेर व चाळीस शेरांचा मण, म्हणजे मणाचे तोळे ३,२००. त्यामुळे चौकटीतून जितके तोळे भात निघे तितके मण एकरी उत्पन्न, गुणाकार-भागाकार काही नाही! चौकट कोठे टाकावयाची हे मात्र ते मर्जीवर सोडीत नसत. रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञानेही हबॅक यांच्या कामाचे ऋण मान्य केले आहे.

पुढे सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरचे डॉ. विनायक गोविंद पानसे या दोघा मराठी माणसांनी पीक कापणीचे शास्त्र या देशात घडविले. दोघांनी मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ साली निघाला. सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास एक गोष्ट आग्रहाने मांडली: तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येते. कारण कापणी पाहिलेल्या कोणासही कळेल. दोरी जेथून जाते त्या रेषेवरचे चूड आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की माणसाचा हात ते आत ओढतो. तुकडा मोठा असेल तर चार चुडांनी बिघडत नाही; लहान असेल तर तेवढ्यानेच खंडीचा फरक पडतो. प्रा. महालनोबिस यांच्या लहान तुकड्यांच्या पद्धतीशी यावरून बराच वाद झाला. वाद विद्वानांचा, पण मुद्दा दोरी धरणाऱ्याच्या बोटांचा होता.

आता विम्याचा हिशेब. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पन्न असे काढतात: मागील सात वर्षांपैकी चांगली पाच घ्यावयाची, त्यांची सरासरी काढावयाची व तिला जोखीमस्तराने गुणावयाचे. उदाहरणादाखल हेक्टरी क्विंटलांत २८, ३१, १२, ३०, २७, २९, २५ असे आकडे घेऊ. चांगल्या पाचांची बेरीज १४५, सरासरी २९. जोखीमस्तर सत्तर टक्के धरला तर उंबरठा २०.३. चालू वर्षी मंडळाचे सरासरी उत्पन्न याखाली गेले तर जेवढी तूट, तेवढ्या हिश्शाने भरपाई. अलीकडे भातास उपग्रहावरून काढलेल्या अंदाजाचाही काही भार देतात. तो येथे बाजूस ठेवतो. मंडळात समजा दहा कापण्या झाल्या. नऊ कापण्यांची सरासरी १९.५ आली. दहावे शेत डोंगराच्या कडेचे, तेथे १४ निघाले, तर मंडळाची सरासरी १८.९५. उंबरठ्याखाली, भरपाई मिळेल. तेच दहावे शेत रस्त्याकडेचे भरघोस असून ३१ निघाले, तर सरासरी २०.६५. उंबरठ्यावर, सर्व मंडळास काही नाही.

हा हिशेब मी कल्पित आकड्यांनी मांडला आहे, पण दहाव्या शेताची गोष्ट कल्पित नाही. कोणत्या तालुक्यात, कोणत्या साली ते सांगत नाही. दोष माझा आहे, आणि तो दुसऱ्या कोणावर जावा अशी इच्छा नाही. कापणीच्या जागी हजर राहण्याचे काम त्या दिवशी माझ्याकडे होते. यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यातून जो गट निघाला होता तो गावापासून दीड कोस, चढावर, ओहोळापलीकडे. दिवस मावळतीला, पश्चिमेस ढग. रस्त्यालगत एका सज्जन शेतकऱ्याचे सुरेख भात उभे होते व तो चहा घेण्याचा आग्रह करीत होता. आम्ही तेथेच दोरी लावली, भात झोडले, तोलले, आणि तक्त्यात गट क्रमांक मात्र डोंगराकडचा लिहिला. वजन खरे होते, सही खरी होती, भागाकार तर नेहमीप्रमाणे बिनचूक. त्या मंडळात त्या वर्षी पुढे काय निर्णय झाला तो माझ्या टेबलावर आला नाही, आणि मीही विचारले नाही. आपण वाटणीतील एक आकडा काढून दुसरा घातला, डोंगराकडच्या माणसाचे नाव मोजदादीतून पुसले, हे समजण्यास मला सेवानिवृत्त व्हावे लागले.

कापण्यांची संख्या वाढवून असला दोष जात नाही. संख्या वाढविल्याने जातो तो दुसरा दोष, नशिबाचा. शेताशेतांतील विचलन ६ क्विंटल असेल तर दहा कापण्यांच्या सरासरीचे विचलन ६ भागिले दहाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.९. चाळीस कापण्या केल्या तर ते ०.९५, चौपट श्रमाने चूक निम्मी होते, त्याहून नाही. दहासारख्या थोड्या नमुन्यांसाठी राशीचा नियम थोडा सैल करावा लागतो. ही गोष्ट १९०८ साली डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत काम करणाऱ्या गॉसेट याने दाखविली. मालकांच्या नियमामुळे त्याने आपला निबंध 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी, या टोपणनावाने छापला. त्याच्या कोष्टकाप्रमाणे दहा नमुन्यांस दोनाऐवजी २.२६ ने गुणावयाचे. वरील उदाहरणात २०.६५ च्या दोन्ही बाजूंस ४.३ येतात, म्हणजे मंडळाचे खरे उत्पन्न १६ ते २५ यांत कोठेही असू शकेल. आणि आपण २०.३ व २०.६५ यांतील फरकावर भरपाईचा निर्णय करतो! कायद्यास रेघ कोठेतरी ओढावीच लागते हे मला मान्य आहे. पण रेघेजवळच्या वर्षी निकाल शास्त्राने लागला असे कोणी म्हणू नये.

आणखी एक. मंडळाची सरासरी खरोखर २१ असली, विचलन ६ असले, आणि वाटणी राशीसारखी असली, तर सुमारे सहांत एका शेताचे उत्पन्न १५ च्या खाली असणार. मंडळ उंबरठ्यावर आहे म्हणून त्या सहाव्या शेतकऱ्यास काही मिळत नाही. त्याने कामचुकारपणा केला असे गावात म्हणतात. पुष्कळदा त्याने काहीच केलेले नसते, तो फक्त राशीच्या डाव्या उतारावर असतो.

यास्तव कापणीच्या दिवसांत आपल्या गावात प्रयोग असेल तर हजर राहावे. निघालेला गट तोच आहे काय, शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यापासून पावले दिलेल्या आकड्याप्रमाणेच मोजली काय, दोरीवरचे चूड कोणत्या बाजूस गेले, ओले भात तोलल्यावर त्याच्या वाळवणीची नोंद झाली काय, हे पाहावे व विचारावे. हल्ली जागेची खूण व छायाचित्र मोबाईलवर घेतात, त्यामुळे माझ्यासारख्याची सोय आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. गावातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने दहाही कापण्यांचे आकडे वहीत ओळीने मांडून ठेवले, तर पुढे अर्ज लिहिताना नुसत्या गाऱ्हाण्याऐवजी हाताशी तक्ता राहील.

मी स्वतः मागील हंगामात आपल्या खाचरांत पाच कापण्या केल्या. पावलांचे आकडे मुलीने चिठ्ठ्या टाकून काढले. तिसरी जागा निघाली ती नेमकी बांधालगत, खेकड्यांनी भोके पाडून पाणी पळविलेल्या विरळ ठिकाणी. मी दोरी घेऊन दोन पावले आत सरकलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, खुंटी तिथंच मारा." मी तेथेच मारली. त्या तुकड्याचे भात पाचांत सर्वांत हलके भरले, आणि वहीत ते तसेच लिहिले आहे.